पाटावरचं कार्ड

“कोरे, साडी नेसलाय का? असू दे, तशाच या. पिशवी तेवढी आणा.”

मगदूम मॅडमचा फोन असाच असायचा. नमस्कार नाही, चमत्कार नाही. पिशवी म्हणजे माझी अवजारांची पिशवी, आणि ती आणा म्हणजे काहीतरी बंद पडलंय. दसऱ्याची सकाळ होती. आई पुऱ्या लाटत होती आणि मी दाराला झेंडूचं तोरण बांधत स्टुलावर उभी होते. मी खाली उतरून किल्ली घेतली, तेव्हा आईनं लाटणं तसंच हातात धरून माझ्याकडे बघितलं.

“आज सणाला तरी त्या मशीन गप बसू देत.”

“आई, हॉस्पिटलचं आहे.”

पुण्यातली एक कंपनी सर्व्हरच्या देखभालीची कामं घ्यायची, आणि मी तिची सांगली-मिरज भागातली एकुलती एक इंजिनियर होते. म्हणजे कंपनीच्या हिशेबी मी शाखा होते, आणि आईच्या हिशेबी वणवण. नऊवारी नव्हती हे नशीब. सहावारी खोचून मी स्कूटर काढली आणि मिरजेचा रस्ता धरला.

वृषाली मगदूम त्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात संगणक विभागाच्या प्रमुख होत्या. उंच, ताठ, कडक इस्त्रीची सुती साडी, आणि समोर शिपाई असो की ट्रस्टी, आडनावानं हाक मारून अहो-जाहो करायची रीत. एकदा मी एका तारेला चिठ्ठी न लावता निघाले होते, तर मला फाटकापासून परत बोलावून चिठ्ठी लावायला लावली आणि वर चहा पाजला. आमच्या ऑफिसात त्यांना सगळे टरकून असायचे. मला मात्र त्यांच्यासारखं व्हायचं होतं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर आधी आईनंच हसून घेतलं असतं.

सर्व्हरच्या खोलीबाहेर चपला काढायच्या असतात. त्या दिवशी तिथे एक मोठे काळे बूट होते. आत डॉक्टर शिरगुप्पे पायमोज्यांवर उभे होते. मेंदूचे सर्जन, बोलायला कंजूष. कपाटाएवढ्या रॅकला झेंडूचा हार होता, दारांवर कुंकवाची स्वस्तिकं होती, आणि थंड हवेत उदबत्तीचा वास अजून रेंगाळत होता. आदल्या दिवशी खंडेनवमी झालेली. त्या दिवशी सगळीकडे हत्यारांची, यंत्रांची पूजा होते, तशी इथेही दरवर्षी व्हायची, आणि मॅडम ती स्वतः करायच्या.

“स्कॅनच्या चित्रांचा सर्व्हर आहे,” मॅडम म्हणाल्या. “सकाळी एकदम आंधळा झाला. सर्व्हर चालू आहे, चित्रं जिथे राहतात ती पलीकडची साठवणही चालू आहे, पण दोघांची गाठ पडत नाही.”

“दोन्ही तारा बघितल्या?”

“बघितल्या. तारा चांगल्या आहेत. कार्ड गेलंय असं मला वाटतं.”

त्यांना वाटतं म्हणजे ते गेलेलं असणार, हे मला माहीत होतं.

डॉक्टर म्हणाले, “मला एवढंच सांगा, कालचा स्कॅन मला कधी दिसेल?”

मग मॅडमनी मला थोडक्यात सांगितलं. बाहेरच्या बाकावर बाळासो आवटी नावाचा एक रिक्षावाला बसला होता. त्याची बायको, सुगंधा, वरच्या मजल्यावर होती. मेंदूतल्या एका रक्तवाहिनीला फुगा आला होता आणि काल तो थोडासा फुटला होता. तिच्या शिरेत औषध सोडून काल संध्याकाळी स्कॅन काढला. तिची मूत्रपिंडं आधीच अधू होती, ते औषध लगेच पुन्हा देता येणार नव्हतं. स्कॅनचं मशीन जुनं. स्वतःजवळ फार काही ठेवायचं नाही, चित्रं पुढे पोचली की पुसून टाकायचं. नवमीच्या गडबडीत फिल्म काढायची राहिली होती.

“मी काल बघितलाय तो स्कॅन,” डॉक्टर म्हणाले. “पण आठवणीवर मी कुणाचं डोकं उघडत नाही. आणि तो फुगा माझ्यासाठी थांबून राहणार नाही. दुसऱ्यांदा फुटला तर मग घाई करण्यात अर्थ नाही.”

त्यांनी हे अगदी साध्या आवाजात सांगितलं. मी अवजारांची पिशवी उघडली.

ज्या कार्डावर हे सगळं अडलं होतं ते तुम्ही कधी बघितलं नसेल. सर्व्हर उघडल्याशिवाय ते दिसत नाही. पोस्टकार्डाहून थोडं लांब. एका कडेला सोनेरी दात, ते सर्व्हरच्या पोटात बसतात. मागच्या कडेला पत्र्याची पट्टी आणि तिच्यात शेजारी शेजारी दोन भोकं. त्या भोकांत केसाइतक्या बारीक काचेच्या तारा येतात आणि तारांतून उजेड धावतो. सर्व्हरला एखाद्या रुग्णाचं चित्र हवं असलं की तो कार्डाला सांगतो आणि आपल्या कामाला लागतो. पुढची सगळी धावपळ कार्डाची. ते मागणीचा उजेड करून पाठवतं, पलीकडून चित्र उजेडाच्या रूपात येतं, आणि कार्ड त्याचं पुन्हा चित्र करून सर्व्हरच्या हातात ठेवतं. डोळ्याचं पातं लवायच्या आत हे किती वेळा होतं याचा विचार मी करत नाही, डोकं गरगरतं. शिवाय प्रत्येक कार्डाला कारखान्यातच एक लांबलचक नाव मिळतं, जगात दुसऱ्या कुठल्या कार्डाला नसलेलं. पलीकडची साठवण ज्याचं नाव ओळखते त्यालाच दार उघडते. मला या कामात येऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते, पण या कार्डावर माझा जीव होता. एवढंसं असून ते कधी कुरकुरत नाही. बंद पडलं की मात्र पूर्ण बंद.

“दुसरं कार्ड आहे ना?” मी विचारलं.

“आहे. मी भांडून घेतलंय,” मॅडम म्हणाल्या. “या सर्व्हरमध्ये दोन बसवायला जागा नाही म्हणून कपाटात ठेवलंय. आणि त्याचं नाव मी साठवणीला आधीच सांगून ठेवलंय. बसवलं की ओळख पटेल.”

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. एरवी नवीन कार्ड बसवलं की साठवण त्याला ओळखत नाही, मग फोन, मग पुण्याहून परवानगी, मग कुणीतरी सुट्टीवर. दसऱ्याच्या दिवशी तर बोलायलाच नको. या बाईनं ती सगळी कटकट आधीच निस्तरून ठेवली होती.

मी बांगड्या काढून मॅडमच्या हातात दिल्या, मनगटाला अंगातली वीज जमिनीत उतरवणारा पट्टा बांधला आणि सर्व्हर उघडला. जुनं कार्ड तपासलं. मेलेलंच होतं. मॅडमनी कपाटातून नवीन कार्डाची रुपेरी पिशवी आणली. मी ती उघडली, तर आतून तांदळाचे दोन पिवळे दाणे टेबलावर पडले.

“यालासुद्धा अक्षता?” मला हसू आलं.

“काल सगळ्यांची पूजा झाली. हे तेवढं कपाटात कशाला ठेवायचं? पाटावर मांडलं होतं.”

पत्र्याच्या पट्टीवर कुंकवाचं बोट होतं. मला ते गोडच वाटलं. मी कार्ड बसवलं, भोकांच्या रबरी टोप्या काढल्या, तारा जोडल्या आणि सर्व्हर चालू केला.

दिवा हिरवा व्हायला हवा होता. तो पिवळा लुकलुकायला लागला आणि तसाच राहिला.

तारा अदलाबदल केल्या. तारांची टोकं पुसली. पुन्हा पिवळा. डॉक्टरांनी घड्याळ बघितलं. मी सर्व्हर बंद करून कार्ड बाहेर घेतलं. भोकांत उजेड सोडणाऱ्या आणि झेलणाऱ्या दोन लहान डब्या असतात, मी त्यांना डोळे म्हणते. त्या ओढून काढता येतात. त्या काढल्या आणि भिंगाच्या नळीतून आत बघितलं.

आत लाल होतं.

ओलं कुंकू भोकाच्या तोंडाशी लागलं होतं, त्यावर टोपी दाबून बसवल्यानं ते आत सारलं गेलं होतं आणि रात्रीत वाळून चिकटलं होतं. दोन्ही डोळ्यांत. या कामात आम्ही धुळीच्या एका कणाला घाबरतो, आणि इथे देवीच्या कपाळावर भरावं तसं कुंकू भरलं होतं. मी पुसायच्या काडीनं पुसलं. ते निघायच्या ऐवजी पसरलं. पुन्हा पुसलं, तर आणखी पसरलं.

मी हातपाय धुवायच्या निमित्तानं बाहेर आले आणि पुण्याला धनेश सरांना फोन लावला. ते माझे साहेब. त्यांच्याकडेही पाठीमागे ताटं वाजत होती.

“कुंकू?” ते म्हणाले. “बरं, हे बघ, कुंकूबिंकू काही बोलू नकोस. बाई नाराज झाली तर पुढच्या वर्षीचं काम जाईल. कार्ड खराब निघालं म्हण. माल खराब निघू शकतो, कुणाला काही वाटत नाही. मी गाडीनं दुसरं पाठवतो. संध्याकाळपर्यंत पोचेल.”

“सर, पेशंट आहे.”

“मग मी काय उडत येऊ? खराब निघालं म्हण, आणि पेशंटला दुसरीकडे कुठे हलवायचं तर त्यांना हलवू देत.”

बाकावर आवटी बसला होता. अंगात नवा शर्ट, त्याच्या घडीच्या रेषा तशाच. सणाला घालायचा म्हणून आणलेला असणार. मी फोन ठेवला तेव्हा तो उठून उभा राहिला.

“म्याडम, मशीन चालू होतंय न्हवं?”

“करतोय आम्ही,” मी म्हणाले, आणि आत पळाले.

मॅडमना मी कोपऱ्यात बोलावलं. धनेश सरांना काम टिकवायचं होतं, मला मॅडमना वाचवायचं होतं. त्यांचा अपमान झालेला मला बघवला नसता. मी आवाज खाली आणून म्हणाले, “मॅडम, आत कुंकू गेलंय. पण मी कार्ड खराब निघालं असंच सांगणार आहे. पुण्याहून दुसरं निघतंय. तुमच्यापर्यंत काही येणार नाही.”

त्यांनी माझ्या हातातली भिंगाची नळी घेतली आणि डोळ्याला लावली. बराच वेळ बघितलं. मग नळी खाली ठेवली, चष्मा पुसला, पुन्हा लावला, आणि सरळ डॉक्टरांच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या.

“डॉक्टर, कार्ड चांगलं होतं. काल पूजेला मी ते पिशवीतून बाहेर काढलं. आमचे वडील कारखान्यात लेथवर होते. नवमीला ते मशीनचं झाकण काढूनच कुंकू लावायचे, झाकलेल्या हत्याराची पूजा करायची नाही म्हणायचे. मी तेच केलं. टोप्या काढल्या, ओल्या बोटानं कुंकू लावलं आणि टोप्या परत बसवल्या. ते आत गेलंय. चूक माझी आहे.”

डॉक्टरांचा चेहरा लाल झाला. ते काहीतरी बोलणार होते, आणि त्यांचा तो अधिकार होता. पण ते गिळून एवढंच म्हणाले, “मग आता?”

“आता कार्ड चांगलं आहे,” मॅडम म्हणाल्या. त्या हे डॉक्टरांना सांगत होत्या की स्वतःला, मला कळेना. “कार्डाला काही झालेलं नाही. त्याचे फक्त डोळे गेलेत.” आणि मग त्या गर्रकन माझ्याकडे वळल्या. “कोरे, जुन्या कार्डाचे डोळे कसे आहेत?”

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. जुनं कार्ड मेलं होतं, पण त्याच्या भोकांतल्या डब्यांना कुणी हात लावला नव्हता. दोन्ही कार्डं एकाच कंपनीची, डब्याही एकाच मापाच्या. इतका वेळ ते जुनं कार्ड माझ्या कोपराशी पडलं होतं, आणि मी कार्ड खराब निघालं हे कसं सांगायचं याची वाक्यं जुळवत होते.

जुन्या कार्डाच्या डब्या ओढून काढल्या. भिंगातून बघितल्या. स्वच्छ. नव्या कार्डात सारल्या, त्या खट् करून बसल्या. मॅडमनी स्वतः खाली बसून कार्ड सर्व्हरमध्ये दाबलं, मी तारा जोडल्या. सर्व्हर चालू व्हायला जो वेळ घेतो तो घेतोच. आम्ही तिघं त्या दोन टिचभर दिव्यांकडे बघत राहिलो.

पिवळा. पिवळा. मग एक हिरवा झाला, आणि त्याच्या मागोमाग दुसरा.

साठवणीनं नाव ओळखलं आणि दार उघडलं. मॅडमनी संगणकावर सुगंधा आवटी हे नाव टाकलं. काळ्या पडद्यावर करड्या रंगाचा एक मेंदू हळूहळू उमटला, त्यात पांढऱ्या फांद्या, आणि एका फांदीवर छोटा, गोल फुगा. आठवणीतला नव्हे, खरा. डॉक्टर पुढे वाकले, त्यांनी चित्र दोनदा फिरवून बघितलं आणि म्हणाले, “हो. हाच. आणि फुग्याच्या मानेचा कोन मला वाटत होता तसा नाही.”

ते बूट न घालताच जिन्याकडे गेले. शिपायानं बूट घेऊन मागून धाव घेतली.

आता माझ्या हाताखाली बरीच मुलं-मुली काम करतात. त्यांचे फोन येतात, अडलेल्या जागांहून, आणि त्यांतलं कुणीतरी हमखास विचारतं, मॅडम, कार्ड खराब आहे म्हणून सांगू का? मी विचारते, खरंच खराब आहे का? पलीकडे जी शांतता होते ती मला ओळखीची आहे. आणि बहुतेक वेळा त्या शांततेनंतरच दुरुस्ती सापडते. हे मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही.

त्या दिवशी ऑपरेशन दुपारभर चाललं. मी घरी जायला हवं होतं, आईचे फोन येत होते, पण पाय निघेना. मॅडमही खोलीतून हलल्या नाहीत. सर्व्हरच्या समोर खुर्ची टाकून बसल्या, जणू त्यांनी नजर काढली तर दिवा पुन्हा पिवळा होईल. त्यांच्या घरी सणाला लेक-जावई आले होते, हे मला शिपायाकडून कळलं.

उन्हं कलल्यावर डॉक्टर खाली आले. फुग्याला चिमटा बसला होता, वाईट काही झालं नव्हतं, पण मेंदूचं काम आहे, शुद्धीवर आल्यावर बोलते का, ओळखते का, तेव्हाच खरं कळेल, असं म्हणाले. मग मॅडमकडे बघून मान हलवली आणि गेले. त्यांच्याकडून एवढंसुद्धा पुष्कळ होतं.

आवटी धावतच आमच्याकडे आला. मॅडमच्या पायाला हात लावायला वाकला. “म्याडम, तुमी मशीन चालू केलासा म्हणून झालं बघा. डाक्टर म्हनलं मला.”

मॅडम झटकन मागे सरकल्या. “आवटी, उठा. तुम्हाला एक सांगायचं आहे.”

मी त्यांच्याकडे बघितलं. आता काय सांगायचं राहिलं होतं? डॉक्टरांना कळलं होतं, काम झालं होतं.

“सकाळी मशीन बंद पडलं ते आपोआप पडलं. पण त्यानंतर उशीर झाला तो माझ्यामुळे. दुसरं कार्ड मी पूजेत खराब करून ठेवलं होतं. तेवढा वेळ तुमची बायको वर नुसती पडून राहिली. त्या वेळात काहीही होऊ शकलं असतं.”

आवटीला आधी कळलंच नाही. मग कळलं. त्याचे जोडलेले हात सुटले. कपाळाची शीर ताठ झाली.

“हे मला कशापायी सांगितलासा?” तो म्हणाला. “मला काय कळणार हुतं?”

“कळलं नसतं. पण तुम्ही माझ्या पाया पडत होता.”

मला वाटलं, आता हा ओरडेल, लोक जमतील, ट्रस्टींपर्यंत जाईल. मॅडमही त्याच तयारीनं उभ्या होत्या, हात बाजूला सोडून.

“मग बसा हितं,” शेवटी तो बाकाकडे बोट करून म्हणाला. “ती डोळं उघडून बोलस्तवर घरला जायचं न्हाई तुमी.”

माझ्या तोंडून काहीतरी निघणार होतं. विभागप्रमुखांशी असं कुणी बोलत नाही. पण मॅडम बाकावर जाऊन बसल्या. त्यानं त्यांच्याकडे पाठ फिरवली आणि भिंतीला टेकून उभा राहिला. मी मॅडमच्या शेजारी बसले. त्यांनी पर्समधून फोन काढला, घरी दोन शब्द सांगितले, “वाट बघू नका, जेवून घ्या,” आणि फोन बंद करून ठेवला.

बाहेर लोक नव्या कपड्यांत एकमेकांना सोनं द्यायला निघाले होते. वॉर्डातले दिवे लागले. शिपायानं तीन कप चहा आणून ठेवला. आवटीनं त्यातला एक उचलला, घोटभर प्यायला, मग दुसरा कप मॅडमच्या बाजूला सरकवला. त्या प्यायल्या नाहीत. ताठ बसून राहिल्या, सकाळी कडक इस्त्रीची असलेली साडी पार चुरगळलेली, आणि नजर जिन्यावरच्या दारावर.

ते दार उघडून नर्सनं वरून हाक मारली. “आवटी.”

तो जिना चढून आत गेला. आम्ही दोघी उठून उभ्या राहिलो आणि पुन्हा बसलो, कारण आम्हाला कुणी बोलावलं नव्हतं.

तो खाली आला तेव्हा नव्या शर्टाच्या बाहीनं तोंड पुसत होता. हसत होता की रडत होता, ते पहिल्यांदा कळेना.

“वळखलं तिनं,” तो म्हणाला. “रिक्षा कुठं लावलीया म्हणून इचारायली. उन्हात लावलासा न्हाई न्हवं, म्हणती. सीट तापतीय म्हणून दरवेळी भांडत असती माझ्यासंगं.” मग तो मॅडमसमोर येऊन थांबला. सकाळपासून तो म्याडम म्हणत होता. आता म्हणाला, “जावा ताई घरला. पोरंबाळं वाट बघत असतील.”

मगदूम मॅडम मान हलवत होत्या, पण उठत नव्हत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि दुसरा हात माझ्याकडे पुढे केला.

“कोरे,” त्या म्हणाल्या, “जरा धरा मला.”